कचऱ्याच्या डब्यातली चोरी : नेमका चोर कोण?

पुण्यातल्या एका सोसायटीच्या गेटवर परवा पाटी पाहिली. 'कचऱ्याच्या डब्यातून वस्तू चोरणाऱ्यास पोलिसांच्या ताब्यात देण्यात येईल.' ज्या बाटल्या, पुठ्ठे आणि रद्दी घरात नको म्हणून फेकली, ती कुणी उचलली की लगेच चोरी!

मित्रांनो, ही पाटी कुणासाठी लावली आहे हे सांगायला नको. पुण्यातल्या कचरावेचकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्या बहुसंख्य दलित आहेत. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण पाठीवर पोतं दिसलं की 'चोर' म्हणायची सवय गेली नाही.

आता कायद्याचे बोलू. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने नेणे म्हणजे चोरी. दुकानदाराने विकण्यासाठी बांधून ठेवलेले पुठ्ठे किंवा कुलूपबंद खोलीतले भंगार नेले, तर ती चोरीच. तिचे समर्थन आपण करायचे नाही. पण रस्त्यावरच्या डब्यात टाकून दिलेली बाटली कुणाच्या ताब्यात असते?

तिसरा प्रकार मात्र कुणी बोलत नाही. सोसायटीचा कचरा रोज उचलणाऱ्या ताईचे उत्पन्न दोन वाटांनी येते : घरटी मिळणारे शुल्क आणि सुका कचरा विकून मिळणारे पैसे. ती सकाळी येते तेव्हा डब्यात ओला कचरा आणि डायपर तेवढे उरलेले असतात. पुठ्ठा, पत्रा, बाटल्या आधीच कुणीतरी परस्पर भंगारात घातलेल्या असतात. घाण तिच्या वाट्याला, पैसा दुसऱ्याच्या खिशात. खरी चोरी ही आहे. तिच्यासाठी पाटी कुठे आहे?

1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 2008 पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. म्हणजे ही मागणी भिकेची नाही, हक्काची आहे.

इथे आपलेच काही तरुण विचारतील : बाबासाहेबांनी 1927 ला महाडमध्ये मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, 1928 ला कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले, आणि तुम्ही कचऱ्यावर हक्क मागता? प्रश्न बरोबर आहे. वतन म्हणजे जन्माने लादलेले काम आणि गावाच्या मर्जीवरचा मोबदला. ते मोडायचेच आहे. आईचा हात डब्यात गेला म्हणून मुलीचाही जावा, हे आपल्याला मान्य नाही. पण आज त्या मुलीची फी त्याच पुठ्ठ्यातून भरली जाते. आईचे उत्पन्न लुटू देऊन मुलीची सुटका कशी होणार?

म्हणून आपापल्या सोसायटीत, दुकानात, ऑफिसात एवढे करा. सुका कचरा वेगळा ठेवा आणि ठरलेल्या वेळी ताईच्या हातात द्या. रात्रभर गेटबाहेर ठेवू नका. सुक्या कचऱ्यावर तिचाच हक्क आहे असा लेखी ठराव कमिटीत करून घ्या. तिचे ओळखपत्र गेटवर मान्य व्हायला हवे. आणि ओळखपत्र नसलेली एखादी बाई डब्यात हात घालताना दिसली, तर पोलिसांना फोन करण्याआधी तिला संघटनेचा पत्ता द्या.

ती पाटी काढायला लावणे हेही चळवळीचेच काम आहे. सुरुवात आपल्या गेटपासून करा.

जय भीम!