फाटक्या पुस्तकांचा हिशेब

मराठीच्या प्राध्यापकाला आमच्या भागात लोक तीन कामांसाठी बोलावतात. लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासायला, पुण्यतिथीला भाषण करायला आणि एखाद्या समितीत पाचवा सभासद म्हणून बसायला. पहिल्या दोन कामांत निदान चहा तरी मिळतो. तिसऱ्यात तो आपणच पाजावा लागतो.

असा पाचवा सभासद मी एका गावच्या वाचनालयाच्या सल्लागार मंडळात आहे. गाव पूर्णेच्या काठचे, आमच्या भाषेत सांगावयाचे तर घाटाखालचे. बुलढाणा जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख तालुक्याने होत नाही; तो घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारतात. मी घाटावरचा. दर वर्षी मार्चमध्ये एका रविवारी सकाळच्या एस. टी.ने निघायचे, राजूरचा घाट उतरायचा, मोताळ्यावरून नांदुऱ्याला जायचे आणि तिथून जे वाहन मिळेल त्याने गाव गाठायचे, हा माझा नेम आहे. घाट उतरता उतरता अंगातला स्वेटर काढावा लागतो आणि गावात पोचेपर्यंत टोपीची आठवण होते.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारच्या दोन खोल्या. खारपाण पट्टा असल्यामुळे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि भिंतींना लोणा धरतो. त्या लोण्यापासून चार बोटे दूर लोखंडी कपाटे, मध्ये एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रे, आणि दाराशी ग्रंथपालबाई. बाईंनी ग्रंथालयशास्त्राची प्रमाणपत्र परीक्षा दिलेली आहे. त्यांचा महिन्याचा पगार मी इथे छापला, तर वाचकांना तो मुद्रणदोष वाटेल.

आमच्या मंडळाचे वर्षाचे काम तसे ठरलेले. एक, दाखल रजिस्टर हातात घेऊन पुस्तकांची पडताळणी करायची. दोन, पुढच्या वर्षी कोणती पुस्तके घ्यावीत त्याची शिफारस करायची. तीन, वार्षिक अहवालाखाली सह्या करायच्या. मग कागद बुलढाण्याला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे जातात, तिथून अमरावती विभागाच्या कार्यालयाकडे, आणि वर्षभरात दोन हप्त्यांनी परिरक्षण अनुदान येते. त्यातला अर्धा वाटा पगाराचा. उरलेल्या अर्ध्यात पुस्तके, मासिके, वीज, खुर्चीचा मोडका पाय, सगळे भागवायचे. २०२२ साली सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ करावयाचे ठरविले, तेव्हा आमच्या गुरुजींनी, म्हणजे अध्यक्षांनी, पेढे वाटले होते. पेढ्यांचा खर्च अर्थातच त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून केला.

ही सगळी व्यवस्था कुठून आली, हे घरबसल्या पुस्तक मागवणाऱ्या वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. १९३९ साली मुंबई सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि गावापासून प्रांतापर्यंत ग्रंथालयांची साखळी कशी असावी, ते तिला विचारले. पण आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दप्तरात होता, म्हणजे ती साखळी आमच्या दारावरून गेली. १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला. १ मे १९६८ पासून तो अंमलात आहे. कोल्हापूर संस्थानाने असा कायदा १९४५ सालीच केला होता, मद्रासने १९४८ साली. मद्रासने ग्रंथालयासाठी करावर उपकर बसविला. आपण तसे केले नाही. आपल्याकडे ग्रंथालये लोकांच्या संस्थांनी चालवायची आणि सरकारने अनुदान द्यायचे, असे ठरले. सरकारला सल्ला देण्यासाठी वर राज्य ग्रंथालय परिषद, जिल्ह्यासाठी जिल्हा ग्रंथालय समिती. दर वर्षी नव्या पुस्तकांतून ग्रंथनिवड होते आणि शासनमान्य यादी निघते. केंद्राकडून राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची पुस्तके येतात. ते कलकत्त्याला १९७२ साली स्थापन झाले. या सगळ्या सल्लागारांच्या शिडीची अगदी शेवटची, जमिनीला टेकलेली पायरी म्हणजे आम्ही पाच जण.

अनुदान किती, हे वाचनालयाच्या वर्गावर ठरते. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पुस्तके किती, सभासद किती, वर्तमानपत्रे आणि मासिके किती, दार किती तास उघडे, यांवरून वर्ग मिळतो. शाळेतल्या वर्गाहून हा एवढ्याच बाबतीत वेगळा की, इथे खाली घसरले तर विद्यार्थी नापास होत नाही, बाईंचा पगार नापास होतो.

हे मला ठाऊक होते. तरीही गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मी जो सल्ला दिला, तो आठवला की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

झाले असे की, पडताळणी करता करता मी शेवटच्या कपाटापाशी आलो. ते कपाट म्हणजे पुस्तकांचा दवाखानाच. कुणाला पुठ्ठा नाही, कुणाचा कणा मोडलेला, कुणाची पाने सुतळीने बांधलेली. ‘श्यामची आई’ तर एकविसाव्या पानापासून सुरू होत होती. शेजारच्या कपाटात मात्र यादीतून घेतलेले जाडजूड ग्रंथ इतके नवे की, उघडताना पाठीतून करकर आवाज यावा. मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, ‘‘हे शेवटचे कपाट रिकामे करा. निर्लेखन करून टाका. वाचनालय म्हणजे भंगाराचे दुकान नव्हे.’’ मोजली तेव्हा पुस्तके भरली २१२. बाकीच्या सभासदांनी माना डोलावल्या. विद्वान माणूस बोलला की समितीत माना डोलावण्याची पद्धतच आहे.

ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या, ‘‘सर, आपल्या वर्गाला जेवढी पुस्तकं लागतात त्याहून आपल्याकडं फक्त ६० जास्त आहेत. २१२ खारीज केली तर आपण १५२ नं खाली जाऊ.’’

‘‘म्हणून आकडा भरायला फाटकी पुस्तके ठेवायची?’’ मी विचारले. प्रश्न तत्त्वाचा होता आणि मला तत्त्वाचे प्रश्न आवडतात. त्यात आपल्या खिशातून काही जात नाही.

‘‘आकड्यासाठी नका ठेवू, सर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण ती फाटली काऊन, ते तर एकदा पाहा.’’

आणि त्यांनी देवघेवीच्या वह्या माझ्यासमोर ठेवल्या.

मी आयुष्यात पुष्कळ संशोधनप्रबंध तपासले आहेत, पण त्या वह्यांइतका खरा प्रबंध माझ्या हाती आलेला नाही. ज्या पुस्तकांना मी भंगार म्हटले होते, त्यांच्याच नावांनी वह्यांची पाने भरली होती. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घ्या. आमच्याच जिल्ह्यातल्या लेखकाची, शेतकऱ्याच्या घरात शिकलेल्या आणि बेकार बसलेल्या पोराची कादंबरी. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माझ्या वर्गात मी ती विद्यार्थ्यांना वाचा म्हणून सांगतो आणि विद्यार्थी तिचे गाइड वाचतात. या गावात ती सोळा वेळा घरी गेली होती आणि तिची शेवटची पाने गळाली होती. नेणाऱ्यांत भरतीची तयारी करणारी मुले होती, अंगणवाडीची बाई होती, एक गाडीवान होता. आणि त्या करकरणाऱ्या कपाटातल्या ग्रंथांसमोर? एकासमोर एक नाव होते. ते पाहिले तर माझेच. मागल्या वर्षी मी शिफारस केली म्हणून तो घेतला, वाचायला म्हणून घाटावर नेला आणि न वाचता परत आणला होता.

तेवढ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले एक म्हातारबा, ज्यांना आमच्या सभेचे कामकाज ऐकू येणार नाही असे आम्हांला वाटत होते, चष्मा काढून म्हणाले, ‘‘सर, ज्याच्या खांद्याले घट्टे पडले, तोच बैल बाजारात काढता काय?’’

सभा थोडा वेळ गप्प राहिली. मग गुरुजींनी खाकरून चहा सांगितला. समितीत कुणाची चूक झाली की चहा सांगतात, ही दुसरी पद्धत.

रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले. पहिलाच नियम असा की, पुस्तक वापरण्यासाठी असते. १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला मी या विषयावर दोनदा भाषण केले आहे. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. आणि वापरून झिजलेले पुस्तक समोर आले, तेव्हा मी ते रद्दीत टाकायला निघालो होतो.

मग आम्ही पाचही जण खाली सतरंजीवर बसलो आणि ती २१२ पुस्तके एक एक करून हातात घेतली. संध्याकाळपर्यंत दोन ढीग झाले. १२० पुस्तके बांधणीने वाचण्यासारखी होती. उरलेली ९२ खरोखरच गेली होती. काही वाळवीने खाल्लेली, काहींची निम्मी पाने नाहीशी. ९२ काढली की आम्ही ३२ ने कमी पडत होतो. आता सल्ला द्यायची पाळी बाईंची होती. त्या म्हणाल्या, ‘‘सल्लागार पाच आहेत. प्रत्येकानं दहा दहा पुस्तकं भेट दिली तरी ५० होतील. दाखल करून घेते मी.’’ ठराव एकमताने पास झाला. विरोध करायला तोंड कुणाला होते?

घरी आल्यावर मी कपाटासमोर उभा राहिलो आणि दहा पुस्तके भराभर काढली. ओळखीच्या कवींनी सप्रेम दिलेले संग्रह, सेमिनारांच्या स्मरणिका, एका पुस्तकाच्या दोन प्रती. सौ. दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, ‘‘दान देताय की अडगळ काढताय?’’ संसारातही एक सल्लागार मंडळ असते आणि त्याचे सभासद एकच असले तरी त्याची शिफारस बंधनकारक असते. मी पुस्तके परत ठेवली. रात्री पुन्हा कपाट उघडले आणि या खेपेला हात जिथे अडखळेल तेच पुस्तक काढायचे, असे ठरविले. वसतिगृहात असताना खानावळीचे पैसे वाचवून घेतलेली, समासात पेन्सिलीने लिहिलेली, अशी दहा निघाली. त्यांतले एक मी अजूनही रात्री कपाटात शोधतो आणि मग आठवते की, ते आता घाटाखाली राहायला गेले आहे.

उन्हाळ्यात कॉलेजची आठ मुले दोन दिवस गावात राहिली. खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घातला, जुन्या बांधणीवाल्याने शिवण दाखविली आणि १२० पुस्तके पुन्हा अंगात कपडे घालून उभी राहिली. ‘श्यामची आई’ची पहिली वीस पाने एका मुलीने दुसऱ्या प्रतीवरून सुंदर अक्षरात लिहून काढली आणि ती पुस्तकात शिवली. वर्ग टिकला. लागतात त्याहून आमच्याकडे आज १८ पुस्तके जास्त आहेत. हे श्रीमंतीचे लक्षण नाही, पण बाईंचा पगार त्या अठरांवर उभा आहे.

या मार्चच्या सभेत मी एकच शिफारस केली. पुस्तके मोजण्याआधी देवघेवीच्या वह्या वाचायच्या, आणि कोणते पुस्तक किती जणांनी नेले त्याची यादी अहवालाला जोडायची. खरेदीची शिफारस त्या यादीवरून ठरवायची, प्राध्यापकाच्या आवडीवरून नव्हे. सरकारी नमुन्यात अशा यादीला रकाना नाही. आम्ही ती मागे वेगळा कागद लावून पाठविली. वर कुणी वाचली की नाही, कळायला मार्ग नाही. पण तयार करताना आम्ही पाच जणांनी तरी वाचली, हे खरे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जळगाव जामोदला वकिली करीत आणि ना. घ. देशपांडे मेहकरला. पुण्या-मुंबईपासून इतक्या लांब बसून ही माणसे कोर्टाच्या कागदांतून डोके वर काढून मराठीला हसवीत आणि गायला लावीत राहिली. आडगावात वाचणारा माणूस असतो, हे आमच्या जिल्ह्याने कधीच सिद्ध केले आहे. त्याच्या हातात पुस्तक पोचते की नाही, एवढेच दर वर्षी मोजायचे उरते.

वाचकहो, हा अंक तुमच्या घरी चार दिवस फिरेल. आजोबा शब्दकोडे सोडवतील, मुले व्यंगचित्रे पाहतील, चकलीचे तेल एखाद्या पानाला लागेल. मग तो रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. डाग असला तरी चालेल. आमच्या बाई म्हणतात, डाग पडलेला अंक आधी जातो. लोकांना वाटते, एवढा वाचलाय म्हणजे काहीतरी असेल त्यात!