आईबाबाचा लगीन हाय

"बाई, सोमवारी नाय येणार. आईबाबाचा लगीन हाय."

तिसरीतल्या पोरीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आत्याचं किंवा मावशीचं म्हणायचं असेल. दोनदा विचारलं. नाही, आईबाबाचंच. शेजारचे गुरुजी गालातल्या गालात हसले. मी सांगलीकडची, डहाणू तालुक्यात येऊन पाच महिने झाले होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

गेले मी लग्नाला. काठपदराची साडी, पाचशे एक रुपयांचं पाकीट. "मुहूर्त कितीचा?" विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भटजी नव्हतेच. वारली लग्न लावते ती धवलेरी. साठीची एक बारकीशी बाई बसली होती आणि गात होती, गातच होती. मला वाटलं, हा कार्यक्रम संपला की विधी सुरू होतील. तासाभराने कळलं, ते गाणं हाच विधी. घरात भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक काढलेला, मधे पालघट देवी. हे चित्र मी तोवर फक्त कुर्त्यावर आणि उशीच्या अभ्र्यावर बघितलं होतं. (एक तो कुर्ता माझ्याकडेही आहे.)

घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची माझ्यासाठी आणली. मी बसले. नवरीसकट सगळे जमिनीवर आणि बाई खुर्चीत! लक्षात यायला फार वेळ लागला, त्याची अजून लाज वाटते. माझी विद्यार्थिनी हळद लागलेल्या आईला चिकटून, तिच्याकडे कोणी वेगळ्या नजरेने बघतसुद्धा नव्हतं.

मग मुलीच्या बापाला विचारलं, एवढी वर्षं का थांबलात? तो म्हणाला, "भट्टीवाल्याची उचल घेतली असती तं तवाच झाला असता."

हे उत्तर समजायला इतिहास लागतो. याच भागात जमीनदार लग्नाला कर्ज द्यायचा आणि त्या बदल्यात नवराबायको त्याच्याकडे राबायचे. त्यांना नावच होतं, लग्नगडी. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचा. १९४५ चा वारल्यांचा उठाव वेठबिगारी आणि या लग्नगडी पद्धतीविरुद्ध होता. आज जमीनदाराच्या जागी वीटभट्टीची उचल आली. तेव्हा लग्नाआधी संसार थाटणं म्हणजे 'मागासलेपण' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. या माणसाने कर्ज टाळलं. आमच्याकडे जमीन गहाण टाकून हॉल बुक करतात, त्याला आपण प्रतिष्ठा म्हणतो.

आता मुद्दा सामूहिक विवाहांचा. खर्च वाचतो हे खरंच, मी विरोधात नाही. पण नंतर अशा एका सोहळ्याला गेले. लाऊडस्पीकरवर मंगलाष्टका, भांड्यांचा सेट, आणि स्टेजवरून भाषण, की आज या जोडप्यांना समाजमान्यता मिळाली. कोणाच्या समाजाची हो? त्यांच्या समाजाने त्यांना कधी अमान्य केलं होतं? धवलेरी तिथे प्रेक्षकांत बसली होती. आणि गंमत बघा, हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २(२) : केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. तिथे त्यांची रूढी महत्त्वाची. म्हणजे ज्या बाईला प्रेक्षकांत बसवलं, तिचं गाणं कायद्याच्या जास्त जवळचं.

कागद मात्र लागतो, आणि तो बाईलाच जास्त लागतो. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे जोडपं विवाहित असेल तर पट्टा दोघांच्या नावावर होतो. 'लग्न झालंय का?' या प्रश्नावर तिचं नाव गळायला नको.

म्हणून पालघर-ठाण्यात असे सोहळे भरवणाऱ्यांना सांगणं आहे. मंडपाच्या खर्चातून धवलेरीचं मानधन काढा, तिलाच लग्न लावू द्या. ग्रामपंचायतीचं नोंदणीचं टेबल मंडपातच लावा, जोडप्यांना नंतर हेलपाटे नकोत. भाषणं दोन कमी करा. आणि सोबत आलेल्या पोरांना पुढे बसवा, आईबापाचं लग्न त्यांना नीट दिसलं पाहिजे.