मत गुप्त, अबोला उघड

४ जून २०२४ च्या रात्री मी मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या. त्या लिहायला अर्धे मिनिटही लागले नसेल. त्यांची किंमत मात्र माझ्या आईने पुढचे दोन महिने गाडीच्या भाड्यात मोजली. हे कसे घडले ते आधी सांगते आणि मग मला जे म्हणायचे आहे त्याकडे वळते.

आमचे गाव रेवदंड्यापासून फार लांब नाही. आळीत आमचे घर आणि तात्यांचे घर एकमेकांना लागून आहे. तात्या आमच्या नात्यातले नव्हेत, पण आजोबांच्या वेळेपासून होडी दोन्ही घरांच्या सामाईकीत चालत आली आहे. माझी आई आणि तात्यांच्या घरच्या काकी रोज पहाटे दोघींत एक मिनीडोर ठरवून अलिबागच्या बाजाराला जातात, टोपल्या शेजारी शेजारी मांडून बसतात आणि भाडे निम्मे निम्मे देतात. पहाटे साडेपाचला काकींची "येतेस ना गं?" अशी हाक आली की मी कूस बदलते. लहानपणापासून माझे घड्याळ तेच.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. बायका जवळा, बोंबील, सोडे अशी सुकी मासळी घेऊन बाजारात बसतात. पुरुषमंडळी जाळी विणत कट्ट्यावर बसतात. हात कामात, तोंड रिकामे! नेमक्या अशा दिवसांत लोकसभेचा निकाल आला. भांडायला यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता?

त्या निकालाची एक गंमत तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. देशात भारतीय जनता पक्षाच्या जागा ३०३ वरून २४० वर आल्या, पण मित्रपक्षांसह २९३ झाल्याने सरकार त्यांचेच बनले. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने घेतल्या, महायुतीला १७ मिळाल्या. आणि आपल्या रायगडात महायुतीचे सुनील तटकरे अनंत गीते यांच्यावर ८२,७८४ मतांनी विजयी झाले. म्हणजे आळीतला प्रत्येक माणूस त्या दिवशी कुठे तरी जिंकला होता आणि कुठे तरी हरला होता. खरे तर सगळ्यांनीच थोडे नम्र व्हावे असा हा निकाल. पण आम्ही काय केले? ज्याने त्याने आपल्या सोयीचा आकडा उचलला आणि दुसऱ्याच्या डोक्यात मारला.

मीही मारला. आळीच्या व्हॉट्सअॅप गटावर मी लिहिले : "उद्या सकाळी कट्ट्यावर या. हरलेल्यांची तोंडे बघायला तिकीट नाही." मी कोणत्या बाजूने लिहिले हे मुद्दाम सांगत नाही. त्या रात्री दोन्ही बाजूंना असले विनोद सुचत होते. तात्यांचा मुलगा बालवाडीपासून माझ्या वर्गात आहे. त्याने उत्तर दिले. मी प्रत्युत्तर दिले. मग माझ्या वडिलांचे नाव निघाले, मग तात्यांचे. मध्यरात्र झाली तेव्हा निवडणूक कधीच मागे पडली होती आणि होडीच्या हिशेबातले सात वर्षांपूर्वीचे काही तरी वर आले होते.

पहाटे हाक आली नाही. आई पावणेसहापर्यंत उंबऱ्यात टोपली घेऊन बसली. मग एकटीच गेली, एकटीने पूर्ण भाडे भरले. संध्याकाळी परत आल्यावर तिने कोण जिंकले, कोण हरले यातले काही विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "तू काय लिहिलंस ते वाचून दाखव." मी वाचून दाखवले. मोठ्याने वाचताना ते मुळीच विनोदी वाटले नाही.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. त्या जूनमध्ये अभ्यास म्हणून नव्हे, तर मनाला लागले म्हणून मी आपल्या मतदारसंघाचे मागचे निकाल काढून बसले. रायगडात हेच दोन उमेदवार २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत समोरासमोर होते. २०१४ मध्ये गीते अवघ्या २,११० मतांनी जिंकले. २०१९ मध्ये तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. या दोन्ही वेळा भारतीय जनता पक्ष गीत्यांबरोबर होता आणि काँग्रेस तटकऱ्यांबरोबर. २०२४ मध्ये भाजप तटकऱ्यांबरोबर आणि काँग्रेस गीत्यांबरोबर. शेतकरी कामगार पक्ष २०१४ मध्ये स्वतंत्र लढला, २०१९ मध्ये तटकऱ्यांच्या बाजूला होता, २०२४ मध्ये गीत्यांच्या. मधल्या काळात शिवसेना आणि राष्ट्रवादी हे दोन्ही पक्ष फुटले आणि चिन्हेही इकडची तिकडे झाली. एवढ्यावरच थांबले नाही. मे २०२४ मध्ये ज्यांनी एकत्र मते मागितली, त्याच मित्रपक्षांत जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदावरून असा वाद झाला की जाहीर झालेल्या नेमणुकीला स्थगिती द्यावी लागली.

आघाड्या बदलणे योग्य की अयोग्य, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. माझा मुद्दा साधा आहे. वरच्या मंडळींना कालच्या विरोधकाशेजारी खुर्ची टाकून बसता येते. मग काकींना माझ्या आईशेजारी टोपली मांडून बसता येऊ नये, असे आम्ही खाली काय करून ठेवले?

यावर काही मित्र म्हणतात, "म्हणूनच राजकारणावर बोलूच नये. अभ्यास करावा, गप्प बसावे." मला हे मुळीच पटत नाही. याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. सहा वर्षे त्यांनी जमिनी कसल्या नाहीत. उपाशी राहिले, पण हटले नाहीत. ती माणसे "आपल्याला काय करायचे राजकारण" म्हणून गप्प बसली असती, तर आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरच्या सात-बाऱ्यावर वेगळीच नावे असती. तेव्हा मतभेद हवेत. ते उघड हवेत आणि कडकडून हवेत. भांडणाला मी भीत नाही. मी भिते ती अबोल्याला.

कारण या अबोल्याचा मोठा भाऊ आपल्या जिल्ह्याला चांगला ठाऊक आहे. त्याचे नाव वाळीत टाकणे. गावकीचे ऐकले नाही म्हणून, कधी गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभे राहिले म्हणून, कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत पडल्याच्या बातम्या रायगडातून वर्षानुवर्षे येत राहिल्या. दुकानदाराने सामान द्यायचे नाही, लग्नाला बोलवायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. शेवटी महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

कोणी म्हणेल, एका पहाटेची हाक चुकली तर त्याला वाळीत कसे म्हणायचे? बरोबर आहे. काकींनी कोणताही गुन्हा केला नाही. त्या दुखावल्या होत्या, आणि दुखावले मी होते. पण वाळीत टाकण्याची सुरुवात तरी कुठे ठराव करून होते? ती अशीच होते. आधी हाक थांबते, मग चहा थांबतो, मग एके दिवशी हळदीच्या यादीतून एक घर गळते. आणि त्या घरचा माणूस पुढच्या वेळी मतदानाला जाताना आपल्याला काय वाटते याआधी आळीला काय वाटेल याचा विचार करू लागतो.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे, कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. हे कलम मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ मला जून महिन्यात कळला. यंत्राच्या भोवतीचा पुठ्ठ्याचा आडोसा मताची गुप्तता राखतो. पण मताचे स्वातंत्र्य राखणे त्या पुठ्ठ्याला जमत नाही. ते शेजाऱ्यांनी राखायचे असते. दुसऱ्या दिवशी आपल्याला तीच हाक येईल अशी ज्याला खात्री आहे, तोच आत जाऊन मोकळेपणाने बटण दाबू शकतो.

जुलै संपत आला तशी होडी पाण्यात लोटायची वेळ आली. होडी एका बाजूने लोटून चालत नाही; ती कलंडते. दोन्ही अंगांना सारखे खांदे लागतात. आजोबांनी मला बोलावले आणि म्हणाले, "तात्याला सांगून ये, उद्या भरतीला होडी लोटायची. आणि जे लिहिलंस ते तोंडाने परत घे. लिहून नको." मी गेले. तात्या जाळ्याची गाठ मारत होते. मी चुकले म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही, पण विचारले, "भरती किती वाजता?" काकींनी चहा दिला. निवडणुकीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. दुसऱ्या दिवशी तात्या आले, मुलगाही आला. तो दुसऱ्या अंगाला उभा राहिला. होडी पाण्यात गेली. त्याच्याशी मात्र माझे अजून पूर्वीसारखे बोलणे नाही. ग्रंथालयात तो समोर बसतो, पेन मागतो, एवढेच. लिहिलेले तोंडाने परत घेतले तरी सगळेच परत येत नाही, हेही मी शिकले.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयात वादविवाद मंडळ असावे, तिथे प्राध्यापकांच्या देखत, एकमेकांच्या डोळ्यांत बघून आपण कडाडून भांडावे, आणि नंतर एकाच गाडीने घरी जावे, असे मला मनापासून वाटते. समोरचा माणूस दिसत असला की जीभ आपोआप थोडी सांभाळली जाते. अंधारात अंगठ्याने लिहिताना ती सांभाळणारे कोणी नसते.

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. त्या दिवशी कट्ट्यावर पुन्हा जोरदार भांडण झाले. तात्या आणि बाबा दोघेही तावातावाने बोलत होते. मी मोबाईल उशीखाली ठेवला आणि काही लिहिले नाही. पण पहाटे पाचपासून मी जागी होते. घड्याळात साडेपाच झाले.

"येतेस ना गं?" काकींनी हाक दिली. आईने टोपली उचलली. मी कूस बदलली.