गाळ ओला आहे तोवर

पावसाळ्याआधी आपल्या चर्चमध्ये काय काय होते ते आठवून बघा. छपराची गळती काढतात, पन्हळी साफ करतात, शेतकऱ्यासाठी आणि पावसासाठी प्रार्थना होते. पुराची तयारी मात्र होत नाही. ती पूर आल्यावर सुरू होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर इथल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांना, मग त्या कॅथलिक असोत, सीएनआय असोत, मार थोमा असोत की पेंटेकॉस्टल, हे आवाहन आहे. यंदा पाणी घराघरांत शिरले तर आपण एकच काम अंगावर घेऊ: घरातला गाळ काढणे.

एकच का, तर बाकीच्या कामांना माणसे मिळतात. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला महाड-चिपळूणला मदतीचे टेम्पो किती गेले त्याला हिशेब नाही. बिस्किटे गेली, पाण्याच्या बाटल्या गेल्या, आणि जुने कपडे तर इतके गेले की रस्त्याकडेला त्यांचे ढीग भिजत पडले. देणाऱ्यांचे मन मोठे होते, त्याबद्दल वाद नाही. पण जिच्या घरात गुडघाभर चिखल आहे त्या बाईने मदतीत आलेली साडी ठेवायची कुठे? तिला त्या क्षणी हवा असतो फावडे घेतलेला माणूस. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतर तिथे खरा आधार वाटला तो झाडू-फावडी घेऊन उतरलेल्यांचा. त्यांत इतर शहरांच्या महापालिकांचे सफाई कामगार होते आणि रेवदंड्याच्या धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्यही होते. श्रीसदस्यांची स्वच्छता मोहीम ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यांची शिस्त ठाऊक आहे. ठरलेला पट्टा, ठरलेली वेळ, हातात काम आणि तोंडाला कुलूप. ही शिस्त उसनी घ्यायला आपल्याला कसला संकोच?

आपल्याकडे पूर म्हणजे मुख्यतः गाढी नदी. माथेरानच्या डोंगराकडून पाणी धावत येते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. खाडीला त्याच वेळी भरती असली की नदीला जायला वाट उरत नाही. मग ती पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला, कोळीवाडा अशा सखल वस्त्यांत पसरते. २६ जुलै २००५ चा दिवस जुन्या पनवेलकरांना सांगायला नको. १८४९ साली बांधलेल्या इथल्या बेने इस्राएली समाजाच्या बेथ एल सिनेगॉगमध्येही त्या वेळी पाणी शिरले आणि तोराच्या पवित्र गुंडाळ्यांचे नुकसान झाले. कळंबोलीची गोष्ट वेगळी. ती वसाहतच भरतीच्या पातळीच्या खाली आहे, पावसाचे पाणी धारण तलावांत अडवून ओहोटीला खाडीत सोडायचे अशी तिची रचना आहे. तलाव गाळाने भरले की पाणी रस्त्यावर आणि तळमजल्यात.

यातून आपल्या कामाचे वेळापत्रक आपोआप ठरते. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचे अंतर असते. ओहोटी लागली आणि पाऊस थांबला की पाणी उतरू लागते, आणि तेव्हाच काम सुरू व्हायला हवे. ओला गाळ फावड्याने सरकतो, वायपरने ढकलता येतो, पाण्याच्या फवाऱ्याने धुता येतो. तोच गाळ दोन दिवस कडक उन्हात राहिला तर फरशीला असा चिकटतो की कुदळीने खणावा लागतो, आणि कुदळीने फरशी फुटते. म्हणून ‘रविवारी मिस्सा झाल्यावर बघू’ हे चालणार नाही. पाणी मंगळवारी उतरले तर मंगळवारीच जायचे. ज्यांना रजा मिळणार नाही त्यांनी ते आत्ताच सांगावे. त्यांच्यासाठी संध्याकाळची पाळी आहे, हिशेब लिहिण्याचे काम आहे, स्वयंपाकाचे आहे.

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण बहुधा वाचताना ओलांडून जातो, कारण त्यात नुसती नावे आहेत. यरुशलेमेचा पडलेला कोट कोणी कोणी बांधला, कोणता भाग कोणाकडे होता, याची ती यादी. पण संघटनेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. तिथे सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये बनवणारे आहेत, एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन आला आहे. कित्येक जण आपापल्या घरासमोरचाच भाग बांधतात. एका प्रांताचा अधिकारी उकिरडा वेशीचे काम करतो. आणि तकोवाच्या सरदारांनी खांदा लावला नाही, हेही लिहून ठेवले आहे! आपल्या पॅरिश कौन्सिलने आणि पंच मंडळींनी हा अध्याय जून उजाडण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचावा.

त्याच धर्तीवर वस्त्या वाटून घ्या. एका चर्चकडे एक वस्ती, एका गटाकडे एक गल्ली. गट सहा ते आठ जणांचा पुरे. त्यात मराठी किंवा हिंदी नीट बोलणारा एक तरी हवा, कारण आपल्या मंडळीत मल्याळी, कोकणी, तमिळ घरे पुष्कळ आहेत आणि पुरात भेदरलेल्या म्हाताऱ्या माणसाशी मोडक्यातोडक्या भाषेत बोलून चालत नाही. एक वायरमन किंवा विजेचे काम जाणणारा हवा. आपल्यात नर्स भगिनी कमी नाहीत, दर तीन-चार गटांमागे एक मिळायला हरकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना गाळात उतरवू नका. त्यांना चर्चमध्ये बसवून हातमोजे मोजायला द्या. आणि कोणत्या गल्लीत जायचे ते आपल्या मनाने ठरवू नका. महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला आणि प्रभाग कार्यालयाला आत्ताच पत्र देऊन ठेवा, वस्तीतल्या मशिदीच्या ट्रस्टींना, कोळीवाड्यातल्या पंचांना, गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटून या. पाणी कोणाच्या घरात आधी शिरते आणि एकटी म्हातारी कोणत्या खोलीत राहते, हे त्यांना जेवढे ठाऊक तेवढे कोणत्याच कार्यालयाला नाही.

आता प्रत्यक्ष काम. घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री वायरमनने करायची. मीटर बुडाला असेल तर महावितरणचा माणूस येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या. मग काही उचलण्याआधी फोटो: भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटलेली असते ती, बुडालेला फ्रीज, गादी, धान्याचे डबे. हे फोटो घरमालकाच्याच फोनवर काढायचे. तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा नुकसान दाखवायला त्यांच्याकडे हेच असेल. आपण उत्साहाने घर लख्ख केले आणि पुरावाच वाहून गेला, असे व्हायला नको.

दहा बाय दहाच्या खोलीला चार माणसे लागतात. एक फावड्यावर, दोघे घमेली उचलणारे, एक दारात पोती भरणारा. पाचवा आत आला की तो बहुधा सेल्फी काढतो. खोलीच्या आतल्या भिंतीकडून दाराकडे यायचे, आणि भिंत धुवायची ती वरून खाली. गाळ गटारात ढकलायचा नाही. ही चूक सगळे करतात, कारण गटार समोरच असते. पण पुढच्या सरीला तोच गाळ गटार तुंबवून परत घरात येतो. पोती भरून डंपर जिथे येतो त्या रस्त्याच्या कडेला ठेवायची. तळोजा एमआयडीसीच्या बाजूला, कासाडी नदीचे पाणी आलेल्या ठिकाणी, गाळाला तेलाचा किंवा रसायनाचा वास आला तर काम थांबवून महापालिकेला कळवायचे. तिथे शौर्य दाखवायचे नाही.

गमबूट आणि रबरी हातमोजे यांच्याशिवाय कोणीही उतरायचे नाही, मग तो फादर असो की पास्टर. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या एवढ्याशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिस शिरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याचा धडा घेतला आहे. ज्याच्या पायाला जखम आहे त्याने त्या दिवशी चहा करावा. पाण्यात वावरलेल्यांनी प्रतिबंधक गोळ्यांविषयी लगेच डॉक्टरांना विचारावे, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून ठेवावे, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी वाटली तर ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. शेवटी फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसायची. ही पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नका, त्यातून निघणारा वायू बंद खोलीत जीव घेऊ शकतो. पाण्याची टाकी घासून, निर्जंतुक करूनच भरायची. औषध किती टाकायचे ते आरोग्य सेविकेला विचारा, अंदाजपंचे नको.

यापेक्षा अवघड काम म्हणजे घरातल्या माणसांशी वागणे. काय टाकायचे ते आपण ठरवायचे नाही. कापसाची गादी भिजली की ती गेलीच, हे आपल्याला दिसते. पण ती लेकीच्या लग्नात भरून घेतलेली असते आणि बाई तिच्यापाशी बसून राहते. बसू द्या, तोवर दुसरी खोली घ्या. भिजलेले तांदूळ आणि पिठाचे डबे फेकायलाच हवेत, पण त्यांनीच ‘टाका’ म्हणेपर्यंत थांबा. देव्हारा, कुराण, तसबिरी यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. कुठे ठेवू, एवढेच विचारा. कागदपत्रे आणि जुने फोटो एकावर एक चिकटले असतील तर ओढून सोडवू नका. स्वच्छ पाण्यात अलगद सुटे करून सावलीत दोरीवर वाळवा. ज्या घरात फक्त बायका असतील तिथे बायकांचाच गट जाईल.

आणि एक गोष्ट जरा स्पष्टच बोलतो. गळ्यातला क्रूस असू द्या, पण पत्रके, बायबलच्या प्रती, चर्चच्या नावाचा बॅनर यातले काही न्यायचे नाही. कोणी म्हणाले ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’, तर जरूर करा. आपणहून सुरू करू नका. ज्याचे घर नुकतेच बुडाले आहे त्याला आपल्याला नाही म्हणण्याची मोकळीक राहिलेली नसते. त्या अवस्थेत त्याच्यापुढे धर्माची गोष्ट काढणे सभ्यपणाचे नाही, आणि त्याने शेजाऱ्यांत जो संशय उभा राहतो तो पुढच्या पुरात आपल्याच गटाला दारातून परत पाठवतो. मदत घेणाऱ्यांचे फोटो चर्चच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. दानपेटी दोघांसमोर उघडायची, हिशेब सूचना फलकावर लावायचा, आणि वायपर-फिनाईल पनवेलच्याच बाजारातून घ्यायचे. तिथल्या दुकानदारांचेही नुकसान झालेले असते.

महाडला, चिपळूणला पूर आला तर जायचे का? मुंबई-गोवा महामार्ग आपल्याच गावातून सुटतो आणि महाड सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे मोह होणारच. जा, पण बोलावल्यावर जा. आधी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाशी किंवा तिथल्या ओळखीच्या चर्चशी, संस्थेशी बोला. स्वतःचे पाणी, जेवण, अंथरूण घेऊन जा. पहिल्या दिवशी रस्ता रुग्णवाहिका आणि डंपरसाठी मोकळा हवा असतो. चौथ्या दिवसानंतर, आधीची गर्दी ओसरली की, गेलेले बरे.

चौथ्या दिवसावरून आठवले, आपल्या वस्त्यांतही तेव्हाच कोणी उरत नाही. भिंती ओल्या असतात, बुरशी चढू लागते, घाईघाईने रंग लावू पाहणाऱ्याला थांबवावे लागते. पोरांची पाठ्यपुस्तके गेलेली असतात, रेशनकार्ड-आधारच्या दुय्यम प्रतींसाठी रांगा लावाव्या लागतात, पंचनाम्याच्या यादीत नाव आले की नाही ते बघावे लागते. या कामाला फावडे लागत नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतले, कचेरीतले लोक लागतात. साठीच्या पुढच्या मंडळींनी हे काम मागून घ्यावे. प्रत्येक घराला एक माणूस नेमून महिनाभर आठवड्याला एक फेरी घातली तरी पुष्कळ आहे.

येत्या रविवारी उपासनेनंतर दारात वही ठेवलेली असेल. नाव लिहा, त्यापुढे फोन, रक्तगट, कोणत्या वारी मोकळे असता ते आणि काय येते ते. ‘काही येत नाही’ असेही चालेल, घमेले उचलायला शिकावे लागत नाही. शेवटच्या रकान्यात गमबुटाचा नंबर लिहायला विसरू नका. बायकांच्या मापाचे बूट ऐन पावसात बाजारात मिळत नाहीत, ते मेमध्येच आणून ठेवायचे आहेत.