हुप्प्याला फक्त मराठी येतं

आधी हुप्प्याची ओळख करून देते, कारण या वेळच्या भटकंतीत सगळा गोंधळ त्याचाच आहे. हुप्प्या म्हणजे कापडी माकड. उंची वीतभर, शेपटी त्याहून लांब. एक डोळा मूळचा, दुसरा शर्टाच्या बटणाचा. माझ्या सात वर्षांच्या नातीचा तो तीन वर्षांपासूनचा सोबती. दूध सांडतं ते हुप्प्यामुळे, एक चप्पल गायब होते ती हुप्प्यामुळे, आणि गृहपाठ राहतो तोही अर्थात हुप्प्याने वही लपवल्यामुळे.

नात हैदराबादला राहते. वडील तेलुगू, आई, म्हणजे माझी लेक, मराठी, शाळा इंग्रजी आणि खाली खेळायला हिंदी. अशा घरात मराठीचा नंबर कितवा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा नाहीतर माझ्यासारखे बडोद्याला, तुमच्याही ओळखीत असं एखादं मूल असेलच. समजतं सगळं, बोलत मात्र नाही. आमच्या नातीचं कारण मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी एका लग्नात ती "माझा आई आली" म्हणाली आणि जवळ बसलेले सगळे हसले. प्रेमानेच हसले, पण हसले. त्या दिवसापासून तिचं मराठी बंद. फोनवर मी विचारायचं, "जेवलीस का गं?" आणि पलीकडून "हां आजी." पुढे काही नाही.

यंदा परीक्षा संपली, पाडवा झाला आणि मी तिला आठ दिवस माझ्या माहेरी घेऊन गेले. दापोलीजवळचं मुरूड. खेडला उतरलो, एसटीत बसलो. कंडक्टरने हुप्प्याकडे बघून विचारलं, "ह्याचं अर्धं तिकीट काढू की पूर्ण?" नात लाजून माझ्यामागे लपली. थोड्या वेळाने कानात म्हणाली, "आजी, हुप्प्या यहां का है. उसको सिर्फ मराठी आती है."

हे तिचं तिनेच ठरवलं, मी काही सुचवलं नव्हतं. आणि इथूनच गंमत सुरू झाली. हुप्प्याशी बोलायचं तर आता मराठीत बोलणं भाग. हुप्प्या बारीक आवाजात उत्तर द्यायचा, तोही मराठीत, आणि चुकायचा. मग ती त्याला दटावायची, "माझा शेपटी नाही रे, माझी शेपटी!" चूक माकडाची, सुधारणारी ती. मी खिडकीबाहेर बघत बसले. मध्ये बोलले नाही.

समुद्रावर मुलांना न्यायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघावी. मोबाइलवर ती मिळते, पण आमच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तो मुलांना फार आवडतो. पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पाणी वर असणार, आणि साधारण सव्वासहा तास पुढे-मागे केले की ओहोटी, सकाळी आठ-साडेआठला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास समुद्र आळसावलेला असतो, त्याला भांग म्हणतात. नातीला पाऊणपटीचा हिशेब येईना तेव्हा "हुप्प्याला येत नाही" असं जाहीर झालं आणि वहिनींनी, म्हणजे तिच्या मामीआजीने, पोळीचे चार तुकडे करून पाऊण म्हणजे काय ते हुप्प्याला समजावलं. चौथा तुकडा त्याने खाल्ला.

तृतीयेला सकाळी सातला निघालो. सुरूच्या बनातून बाहेर पडलं की समोर पुळण. पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. हा शब्द तिला इतका आवडला की दिवसभर हुप्प्या "पुळण, पुळण" करत उड्या मारत होता. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, मिरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली होती. "हुप्प्याने केलं," ती म्हणाली. मी म्हटलं, बरं, मग त्याला विचार की कसं केलं. तो सांगेना. मग आम्ही तिघं उकिडवे बसलो, हललो नाही, आणि पाचेक मिनिटांनी बिळातून वाटाण्याएवढा खेकडा बाहेर आला. हे खेकडे वाळू तोंडात घालतात, तिच्यावरचे सूक्ष्म जीव आणि शेवाळ तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतात. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा होत जातात, पुढची भरती ते सगळं पुसून टाकते, आणि ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. "त्याला कंटाळा नाही येत?" हे विचारलं हुप्प्याने. मराठीतलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य. मी उत्तर हुप्प्याला दिलं, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हे तुम्हीही सांभाळा. मूल खेळण्याच्या तोंडून बोलत असेल तर "अगं, किती छान मराठी बोललीस!" असं कौतुक करू नका. कौतुक केलंत की ती खेळातून बाहेर आलीच म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी आसूदला केशवराजाच्या देवळात गेलो. गावातून खाली उतरायचं, माडापोफळींच्या दाट सावलीतून जायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि समोरची चढण चढायची. देवळाजवळ गोमुखातून पाणी पडत असतं. वसंतात ही वाट बघण्यासारखी असते. बांधावर पांगारा लाल झालेला, काजूला बोंडू धरलेले, करवंदीच्या जाळीत पांढरी फुलं आणि कुठेतरी तांबटाचं एकसुरी टुकटुक. शहरात आपण मुलांना सगळ्यालाच ‘झाड’ म्हणायला शिकवतो. इथे तसं करून चालत नाही. नारळाचा तो माड, सुपारीची ती पोफळ. दगडांवर दगड रचलेली भिंत म्हणजे गडगा, वाडीत शिरायला आडवे बांबू लावलेले असतात ते बेडं, आणि घरांमधून जाणारी दगडी वाट ती पाखाडी. घरात बसून शिकवले असते तर हे शब्द तिने दुसऱ्या मिनिटाला विसरून टाकले असते. पण बेडं स्वतः ओलांडलं, त्यात हुप्प्याची शेपटी अडकली, ती सोडवावी लागली. आता ते बेडं ती विसरणार नाही.

चढणीवर पाय दुखायला लागले. मी तिला आमच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगितली. तेच ते महर्षी कर्वे. मुलगा असताना परीक्षेला बसायचं म्हणून ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडून चालत गेले आणि तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. मला वाटलं, काहीतरी परिणाम होईल. हुप्प्याने विचारलं, "एसटी नव्हती?"

वाटेत एक म्हातारी ओले काजू सोलत बसली होती. हुप्प्याला बघून म्हणाली, "आणखी एक कशाला आणलंस गो? आमच्याकडे काय कमी आहेत?" कोकणात माकडांनी बागायतदारांना किती रडवलंय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली कळ कळेल. नातीने हुप्प्याला पाठीमागे लपवलं आणि म्हणाली, "हा चोरत नाही." म्हातारीने त्याच्या नावाने दोन काजूगर दिले आणि बजावलं की काजूच्या चिकाला हात लावायचा नाही, कातडी भाजते.

एका संध्याकाळी आंजर्ल्याला कासवाची पिल्लं सोडताना बघितली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत वाळूत अंडी घालून निघून जाते, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला हे संरक्षणाचं काम सुरू केलं, मग ते इतर गावांत पसरलं. पिल्लांना आणि त्यांच्या वाटेला आपण लांबूनच बघायचं, म्हणून दोरी बांधलेली असते. हुप्प्याला दोरीपलीकडे जायचंच होतं. नातीने त्याला घट्ट धरून ठेवलं आणि दर मिनिटाला कुजबुजत कारण सांगत राहिली. "ती बाळं आहेत. त्यांना आपलं आपण जायचंय." स्वयंसेवकाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

आता सप्तमीचं सांगते. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पाचच्या आधी पाणी चढत होतं. नातीने वाळूचा किल्ला केला होता आणि पाणी कसं येतं ते बघायला हुप्प्याला बुरुजावर बसवलं होतं. ती शिंपले वेचत लांब गेली. परत येते तो किल्ला नाही आणि हुप्प्याही नाही. मी वहिनींबरोबर सुरूखाली बसले होते. ती आमच्याकडे वळली, रडवेली. पण मी गुडघे धरून उठेपर्यंत तिला धीर नव्हता. थोड्या अंतरावर मोठी मुलं क्रिकेट खेळत होती. ती त्यांच्याकडेच धावली आणि ओरडली, "दादा, माझा माकड पाहिला का?"

माझ्या छातीत धस्स झालं, ते हुप्प्यासाठी नव्हे. आता ती मुलं हसतात की काय, एवढंच मनात आलं.

मुलं थांबली. त्यांच्यातल्या थोरल्याने बॅट खाली टेकवून गंभीरपणे विचारलं, "खरं माकड की खोटं?"

"खरं!"

"तुझं माकड इथे नाही आलं. कुठे ठेवलं होतंस?"

"तिथे. किल्ल्यावर."

बघा, त्या पोराने तिची चूक काढली नाही, नुसतं ‘तुझं माकड’ म्हणून उत्तर दिलं. शिक्षणशास्त्रावरची पुस्तकं वाचूनही आपल्याला इतकं साधत नाही. मग सगळी टोळी गुडघाभर पाण्यात शिरली. परतणाऱ्या लाटेत आधी शेपटी दिसली. पाणी पिऊन हुप्प्या दुप्पट जड झाला होता. "पोहायला गेलेला," थोरला म्हणाला आणि पिळून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "थँक्यू दादा. माझं माकड वेडं आहे."

तुमच्या पोरांच्या हातात असा कुणी सोबती असेल तर त्याच्या कमरेला दोरी बांधून ती पिशवीला अडकवा. त्याच्या पोटात कापूस नसतो, प्लास्टिकचेच बारीक धागे असतात, समुद्रात गेला की आणखी एक कचरा. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून काढा, पिळा, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि वाऱ्यावर टांगा. आत ओल राहिली की कुबट वास येतो. हुप्प्याला वाळायला दोन दिवस लागले. तेवढे दिवस तो दोरीवर शेपटीने लटकून अंगणातल्या सगळ्यांना हाका मारत होता.

आणि मोठ्या माणसांनी सोबत खेळणं नेलं तर हसायचं कारण नाही. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडाल जगभर हिंडायच्या तेव्हा त्यांच्या हातात एक कापडी माकड असायचं, मिस्टर एच. गॅरी हॉन या अंध जादूगाराने ते त्यांना १९९६ मध्ये दिलं होतं. त्याला वाटलं आपण चिंपांझी देतोय. गुडालबाईंनी त्याचा हात माकडाच्या शेपटीला लावून दाखवला. चिंपांझीला शेपटी कुठली! तरीही ते माकड पुढे त्यांच्याबरोबर देशोदेशी फिरलं.

नात हैदराबादला परत गेली त्याला तीन आठवडे झाले. तिच्या बोलण्यात अजूनही ‘माझा’ आणि ‘माझी’ची अदलाबदल होते. रविवारी तिचे बाबा तिला हुसेनसागरावर फिरायला नेतात, आणि हुप्प्याला नवी दोरी मिळाली आहे असं कळतं. काल तिचा आवाजी निरोप आला, मागे गाड्यांचे हॉर्न: "आजी, हुप्प्या विचारतोय, इथे पाणी खाली का जात नाही? ओहोटी कुठे गेली?"

तलाव लहान पडतो, चंद्राच्या ओढीने त्याचं पाणी वर-खाली झालेलं डोळ्यांना दिसत नाही, हे उत्तर मला माहीत आहे. पण ते हुप्प्याला समजेल असं सांगायचं आहे, म्हणून सकाळपासून दोनदा बोलून पुसून टाकलं.