हिस्ट्री पुसली, तरीही...

आमच्या नया नगरात ‘प्रायव्हसी’ हा शब्द आम्ही जरा जपूनच वापरतो. वन बीएचकेत पाच माणसं. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो, आमची भांडणं त्यांना तोंडपाठ. मीरा रोडला लोकलमध्ये घुसलं की मागे उभी असलेली बाई माझे मेसेज माझ्याआधी वाचून मोकळी! या सगळ्याची सवय आहे हो. पण गेल्या महिन्यात घरच्या लॅपटॉपने जे केलं, त्याची नव्हती.

आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, चार दिवस माहेरी आली होती. रात्री जेवणं झाल्यावर रत्नागिरीच्या गाड्या बघायला अब्बांनी लॅपटॉप उघडला. आम्ही सगळे भोवती. गाड्यांच्या वेळा राहिल्या बाजूला, कडेला ही मोठ्ठी जाहिरात: मूल होत नाही? जरा खाली गेलो, तर आयव्हीएफ सुलभ हप्त्यांत! “हे काय गं?” अम्मीने विचारलं. आपा काही न बोलता ताटं उचलून किचनमध्ये गेली.

लग्नाला चार वर्षं झालीत. डॉक्टरकडे जायचं त्या दोघांचं नुकतंच ठरलं होतं, घरी सांगायचं मात्र ठरलं नव्हतं. “मी हिस्ट्री पुसली होती गं,” रात्री ती हळूच म्हणाली. (हे सगळं तिला विचारूनच लिहितेय.)

तर मंडळी, हिस्ट्री पुसली की आपण कुठेकुठे गेलो त्याची यादी जाते. ‘कुकी’ नावाची चिठ्ठी वेगळी पुसावी लागते. आपाने वाचलेल्या साइटवर आणि गाड्यांच्या साइटवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड असेल, तर ती कंपनी चिठ्ठी बघून ओळखते, अरे, ही तर कालचीच! ‘इन्कॉग्निटो’मध्ये विंडो बंद केली की चिठ्ठ्याही जातात, पण तोवर समोरच्या साइटला तुम्ही दिसत असताच. याच मुद्द्यावर २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने गोळा केलेला डेटा नष्ट करायचं कबूल केलं. क्रोममधून अशा परक्या कुकीज काढून टाकू, असं गूगलने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. २०२४ मध्ये तो बेतही गुंडाळला. जाहिरातींवर ज्याचं घर चालतं, तो जाहिरातवाल्याला दार का लावेल?

मग मी ब्राउझर बदलायला बसले. अट एकच, ओपन सोर्स हवा. म्हणजे त्याचा कोड कुणालाही उघडून तपासता येतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ज्यांना कळतं ते बघतात आणि गडबड दिसली की बोंब मारतात. ब्रेव्हचं तसंच झालं. जाहिराती आपणहून अडवणारा हा फास्ट ब्राउझर २०२० मध्ये काही पत्त्यांना स्वतःच्या कमिशनचा कोड जोडताना पकडला गेला. त्यांनी माफी मागून ते बंद केलं. टॉर तुमचा नेटवरचा पत्ताही लपवतो, पण रोजच्या कामाला स्लो. फायरफॉक्सही धुतल्या तांदळाचा नाही. मोझिलाचा बराचसा पैसा गूगलकडूनच येतो आणि २०२५ मध्ये ‘तुमचा डेटा कधीच विकणार नाही’ हे वाक्य त्यांनी काढलं, तेव्हा लोकांनी चांगलंच झापलं.

तरी मी फायरफॉक्सच घेतला. कारण २०२२ पासून तो प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या ठेवतो, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारख्या. हळदीला मिरचीचा पत्ता नाही! शिवाय त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पूर्ण ताकदीने चालतं. सेटिंग्जमध्ये जाऊन मोझिलाला जाणारी वापराची माहितीही बंद केली. सगळं मिळून वीसेक मिनिटं. आणि अम्मीसाठी तो मराठीतही मिळतो.

उगाच हुरळून जाऊ नका मात्र. जीमेलमध्ये लॉगिन करून सर्च केलंत, तर गूगलला कळणारच. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीचं लक्ष असू शकतं, तिथे कुठलाच ब्राउझर वाचवणार नाही. नोकरी बदलायचा विचार असेल तर हे खास लक्षात ठेवा! आणि घरात लॅपटॉप एकच असेल, तर प्रत्येकाचं वेगळं, पासवर्डवालं अकाउंट करा.

आपाचं मी केलंय. परत जायच्या आदल्या रात्री ती त्यावर बराच वेळ काहीतरी वाचत बसली होती. “आता नाही ना दिसणार कुणाला?” तिने विचारलं.

“जाहिरातीत नाही दिसणार,” मी म्हटलं, “अम्मीला मात्र तूच सांग.”

सकाळी दोघी किचनचं दार लोटून तासभर बोलत होत्या. आमच्या घरात ते दार लोटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.