आधी श्वास मोजा!

भंडारा जिल्ह्यात रोवणी लागली, की लेकरं शिंकू-खोकू लागतात. मजुरी बुडवून दवाखान्यात आलेली माय म्हणते, 'डॉक्टरसाहेब, जोरदार औषध द्या.' तेही अँटिबायोटिक लिहून मोकळे! पण वाचकहो, साधा सर्दी-खोकला बहुधा विषाणूंचा असतो; त्यावर हे औषध चालत नाही. पैसा जातो, वर लेकराला हगवण लागते ती वेगळीच. गरज नसताना धानावर फवारत राहिलो, तर पुढे कीड औषधाला जुमानत नाही. जंतूंचेही तसेच.

खरी भीती न्यूमोनियाची. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्या कार्यकर्त्यांना तो ओळखून औषध द्यायला शिकवले. बालमृत्यू घटल्याचे १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मग दवाखान्यात श्वास मोजायला एक मिनिट का सापडू नये?

घरीही मूल शांत असताना मिनिटभर मोजा. वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली गेली, किंवा मूल दूध-पाणी घेईना, तर तडक दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल, तर मोजत बसूच नका. न्यूमोनियात हेच औषध जीव वाचवते. सांगितले तितके दिवस पूर्ण द्या. एरवी विचारा, 'डॉक्टरसाहेब, याची गरज आहे का?' विचारण्यात कसली लाज?